तीनशे पासष्टावा गुन्हेमुक्त दिवस

पिंपळटेक पोलीस ठाण्याच्या हद्दीत गेल्या तीनशे बारा दिवसांत एकही गुन्हा घडलेला नव्हता. ही अफवा नव्हती, तशी अधिकृत नोंद होती. ठाण्याच्या दारात डाव्या हाताला एक काळा फलक होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात कायमची अक्षरं होती, ‘आमचा गुन्हेमुक्त दिवस’. त्याखालच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी आठ वाजता हवालदार सावळीराम फडोळ ओल्या फडक्याने कालचा आकडा पुसत असे आणि खडूने आजचा लिहीत असे. फलकाची कल्पना निरीक्षक दिघोळे साहेबांची. सातपूरच्या एका कारखान्यात पाहुणे म्हणून गेले असताना त्यांनी गेटावर ‘अपघातमुक्त दिवस’ असा फलक पाहिला होता. कारखान्यात कुणाचं बोट तुटलं तर ते लपवायला जड जातं, आपल्याकडे तशी अडचण नाही, हे साहेबांच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. तीनशे पासष्ट दिवस भरले की ‘गुन्हेमुक्त ठाणे’ म्हणून मानचिन्ह मिळणार होतं. तो दिवस नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी येत होता.

सावळीराम ठाणे अंमलदार होता, म्हणजे दारातून आत आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकून ते कागदावर उतरवण्याचं काम त्याचं. चौतीस वर्षं नोकरी झाली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते. माणसं गुन्हे का करतात यावर जगभरच्या विद्वानांनी डोकं खाजवून घेतलं असेल, पण सावळीरामाचं उत्तर केव्हाच तयार होतं. गुन्हा लिहिल्यामुळे घडतो. लिहिला नाही तोवर ती नुसती अडचण असते. हे ज्ञान त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी गोदाघाटावर झालं. एका माणसाच्या कोऱ्या चपला देवळाबाहेरून गेल्या. तो तावातावाने तक्रार द्यायला आला, सावळीरामाने पेनाचं टोपण काढलं, एवढ्यात त्या माणसाची आई मागून म्हणाली, “जाऊ दे रे, साडेसाती गेली म्हणायचं.” आणि तो गृहस्थ खरोखरच हसत हसत, तापलेल्या फरशीवरून अनवाणी उड्या मारत घरी गेला. लोकांना न्याय मिळाला नाही तरी चालतं, चांगलं वाक्य मिळालं पाहिजे, असं सावळीरामाने टोपण परत लावताना मनाशी पक्कं केलं.

तेव्हापासून तो वाक्यं घडवत आला होता. दोघांनी मोटारसायकलवर येऊन बाईची सोन्याची पोत ओढली, तर तो लिही, ‘अर्जदार पायी जात असताना पोत सैल होऊन गहाळ’. कुणाची दुचाकी पळवली, तर ‘वाहन नेमके कोठे उभे केले हे अर्जदारास स्मरत नाही’. दुकान फोडलं, तर ‘शटर जीर्ण झाल्याने सकाळी उघडे आढळले’. खाली अर्जदाराची सही, वर ठाण्याचा गोल शिक्का. या कागदाला गहाळ दाखला म्हणत. लोक तो घरी नेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवत. साहेब म्हणत, “फडोळ, तुम्ही नसता तर पिंपळटेक कधीच गुन्हेगारीचं माहेरघर झालं असतं.” सावळीराम लाजून शर्टाच्या बाह्या सरळ करी.

तर तीनशे बाराव्या दिवशी सकाळी रंगनाथ पिंगळे आला. रंगनाथ आणि सावळीराम यांचे मळे बांधाला बांध लागून. दोघांकडे दसऱ्याचा झेंडू. सावळीराम नोकरीवर असल्यामुळे त्याचा मळा त्याची बायको छाया बघायची.

“सावळीराम, मोटार गेली,” रंगनाथ धापा टाकत म्हणाला.

“गेली म्हणजे?”

“म्हंजे चोरीला गेली. इहिरीतली पाणबुडी. केबल कापून नेली.”

“नेताना तू पाहिलीस?”

“पाहिली आसती तर नेऊ दिली आसती का?”

“म्हणजे नाही पाहिलीस,” सावळीराम शांतपणे म्हणाला. “मग चोरीला गेली हे तुझं मत झालं. फिर्यादीत मत चालत नाही. शेवटची केव्हा पाहिली होतीस?”

“आरे, पाण्याखाली आसती ती. रोज काय दर्शन घेऊ राहिलो का तिचं?”

“म्हणजे केव्हापासून नाही हेही तुला सांगता येत नाही.”

सावळीरामाने कागद पुढे ओढला. ‘अर्जदाराच्या विहिरीतील विद्युत मोटार, वजन अंदाजे साठ किलो, अर्जदाराच्या नकळत विहिरीतून गहाळ झाली असून त्याबाबत अर्जदाराची कोणाविरुद्धही तक्रार नाही.’

“साठ किलोची मोटार चाळीस फुटांखालून गहाळ होती का रे सावळीराम?”

“तुझ्या डोळ्यांदेखत गेली असती तर वेगळी गोष्ट. कर सही. मित्र म्हणून सांगतो, फिर्याद दिलीस तर कोर्टाच्या खेपा मारशील, झेंडू राहील बाजूला.”

रंगनाथाने सही केली. दाखल्याची घडी करून टोपीत ठेवली आणि तो गेला. सावळीरामाने बाहेर येऊन फलकावरचा आकडा ठळक केला.

याच सुमारास प्राध्यापिका तेजस्विनी मॅडम ठाण्यात आल्या. त्या गुन्हेगारीशास्त्र शिकवत. तीनशेवर दिवस गुन्हा नाही हे वाचून त्यांना अभ्यास करावासा वाटला. साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवलं आणि मॅडमनी दीड तास गुन्ह्याची कारणं समजावून सांगितली. कुणी म्हणतं गरिबीमुळे, कुणी म्हणतं संगतीमुळे. पूर्वी परदेशात तर गुन्हेगार जन्मजात असतात आणि त्यांचे कान मोठे व जबडा पुढे असतो, असं मानणारे लोक होते. हे ऐकल्यावर सगळा हॉल पाच मिनिटं एकमेकांचे कान बघत होता. सर्वांत मोठे कान दिघोळे साहेबांचे निघाल्यामुळे हा सिद्धांत आता कुणी मानत नाही, हे मॅडमना दोनदा सांगावं लागलं.

साहेबांनी मात्र दोन सिद्धांत वहीत लिहून घेतले. पहिला असा की संधी मिळाली की गुन्हा होतो. दुसरा असा की समाजाने एखाद्यावर चोर म्हणून शिक्का मारला की तो खरंच चोर होतो.

“म्हणजे मॅडम,” साहेब म्हणाले, “चोरी होते ती वस्तू बाळगणाऱ्यामुळे. त्याने बाळगलीच नसती तर संधी आली नसती.”

“अगदी तसंच नाही…”

“आणि चोराला चोर म्हटलंच नाही तर चोर तयारच होत नाही. आम्ही वर्षभर तेच करतोय. फक्त त्याला शास्त्र म्हणतात हे माहीत नव्हतं.”

मॅडम म्हणाल्या, की पोलिसांच्या आकड्यांवरून गुन्हेगारी मोजता येत नाही, कारण पुष्कळ गुन्हे नोंदवलेच जात नाहीत. म्हणून जाणकार थेट लोकांनाच घरोघर जाऊन विचारतात. साहेबांचे कान लाल झाले. पण नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून मॅडमचे विद्यार्थी हातात टॅब घेऊन पिंपळटेकच्या गल्ल्यांतून आणि मळ्यांतून हिंडू लागले. प्रश्न एकच होता. ‘मागील बारा महिन्यांत आपण एखाद्या गुन्ह्याला बळी पडलात का?’

वाट दाखवायला सावळीराम बरोबर होता. पहिलंच घर सुलाबाईंचं. म्हातारी ओट्यावर मेथी निवडत होती.

“गुन्हा? नाय बाई,” ती म्हणाली. “आमच्याकडं कशाला गुन्हा व्हईल? माझी पोत हरवली तेवढी.”

“कुठे हरवली, आजी?”

“गळ्यातच व्हती. दोघं गाडीवर आले, मला म्हणाले आजी पत्ता सांगा, न् मानंला असा हिसडा बसला. आठ दिस मान वळत नव्हती. तवा पोत हरवली.” तिने आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि दाखला दाखवला. “हे बघ, सरकारचा शिक्का हाय. हरवलीच हाय.”

विद्यार्थिनीने सावळीरामाकडे पाहिलं. सावळीरामाने छपराकडे पाहिलं. तिने टॅबवर ‘नाही’ दाबलं आणि शेऱ्यात ‘पोत हरवली’ असं लिहिलं.

साडेआठशे घरं झाली. साडेआठशे वेळा ‘नाही’ आलं. आणि सर्वेक्षणाने पोलिसांचा आकडा शास्त्रशुद्ध पद्धतीने खरा ठरवला. साहेबांनी पेढे वाटले. सावळीरामाने पेढा तोंडात टाकला तेव्हा त्याला स्वतःचा खरोखर अभिमान वाटत होता. इतकी वर्षं आपण नुसते कागद लिहितो असं तो समजत होता, त्याने तर लोकांच्या आठवणीसुद्धा लिहिल्या होत्या.

अडचण आली ती अहवालाच्या शेवटच्या पानावर. पिंपळटेकमध्ये गुन्हे शून्य, पण दर सहा घरांमागे एका घरातली मौल्यवान वस्तू हरवलेली. एवढी विसराळू वस्ती आसपास कुठेही नव्हती. अहवाल वर गेला. वरच्या कार्यालयाने गंभीर दखल घेतली आणि आरोग्य विभागाला कळवलं. आठ दिवसांत शाळेच्या मैदानात मांडव पडला आणि ‘विस्मरण निवारण शिबिर’ भरलं. रक्तदाब तपासला, ब्राह्मीच्या गोळ्या वाटल्या, ज्येष्ठ नागरिकांना शब्दकोडी दिली. डॉक्टर प्रत्येकाला तीन वस्तूंची नावं सांगत, सायकल, सोनसाखळी, मोटार, आणि पाच मिनिटांनी विचारत, “सांगा बरं, कोणत्या वस्तू?” लोक म्हणत, “त्या तर गेल्या.” डॉक्टर मान हलवून गोळ्यांचा डोस दुप्पट करत. रंगनाथाला तिप्पट मिळाला, कारण साठ किलोची वस्तू विसरणारा माणूस डॉक्टरांच्या पाहण्यात नव्हता.

शिबिरापाठोपाठ परिपत्रक आलं. गहाळ वस्तूंचं प्रमाण तातडीने शून्यावर आणावं, अन्यथा मानचिन्हाचा फेरविचार होईल. आता चोरी लिहायची नव्हतीच, पण हरवणंही लिहायचं नव्हतं. साहेबांनी रात्रंदिवस डोकं लढवून नियम काढला. वस्तू हरवली असं म्हणायचं तर आधी ती अस्तित्वात होती हे सिद्ध झालं पाहिजे. आणि अस्तित्वाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे खुद्द वस्तू. तेव्हा अर्जदाराने गहाळ दाखल्यासाठी येताना मूळ वस्तू सोबत आणावी. मसुदा सावळीरामाने केला. मूळ वस्तू न आणणाऱ्याकडून ‘सदर वस्तू माझ्याकडे नव्हती’ असा जबाब घ्यायचा, हे शेवटचं कलम तर पूर्णपणे त्याचं होतं. पंधरा दिवसांत गहाळचा आकडाही शून्यावर आला.

तीनशे बावन्नाव्या दिवशी सकाळी सावळीराम चहा पीत बसला होता. छाया मळ्यातून आली आणि दारातच उभी राहिली.

“मोटार नाय,” ती म्हणाली.

“नीट बघितलंस का?” हे वाक्य सावळीरामाच्या तोंडून आपोआप आलं. चौतीस वर्षांची सवय.

“साठ किलोची मोटार काय माझ्या पदराखाली ऱ्हायली आसंल? केबल कापलीया. पायाचे ठसे हायेत चिखलात. टेंपोच्या चाकोऱ्या हायेत पार रस्त्यापर्यंत.”

पावसाने दहा दिवस उघडीप दिली होती. झेंडू कळीवर आला होता. आता आठवडाभर पाणी मिळालं नाही तर फूल बटणाएवढंच राहणार, हे पोरालाही कळलं असतं. विहीर पाण्याने भरलेली आणि पाणी वर काढायला काही नाही. जवळपास उसनी मोटार मागावी तर रंगनाथाची आधीच ‘गहाळ’ झालेली, आणि त्याच्यानंतरच्या दोघांची ‘नव्हतीच’.

“नवी घेऊ या,” सावळीराम म्हणाला.

“नवी आणली तर ती बी उद्या नव्हतीच व्हईल,” छाया म्हणाली. “तुमी तक्रार लिवा. वळखू येती आपली. हिरव्या ऑइलपेंटनं माझं नाव हाय तिच्यावर. रंगनाथभाऊंची न् आपली वायंडिंगला अदलाबदल झाली व्हती तवा टाकलं व्हतं. चार दिसांत सापडंल. लिवता ना?”

“लिहितो,” सावळीराम म्हणाला, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाला.

साहेबांच्या केबिनमध्ये तो सावधान उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“फडोळ, नेताना तुम्ही पाहिलीत?”

“नाही, साहेब.”

“मग चोरीला गेली हे तुमचं मत झालं.”

“हो, साहेब.” आपलंच वाक्य समोरून इतकं बिनतोड ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“मूळ वस्तू आणलीत?”

“साहेब, तीच तर नाही.”

“नियम तुमच्याच हातचा आहे. तेरा दिवस राहिलेत, फडोळ. ठाण्याच्या हवालदाराचीच चोरी झाली असं उद्या पेपरात आलं तर? मानचिन्ह घ्यायला मी तुम्हाला स्टेजवर नेणार आहे, शाल सांगून ठेवलीय.”

सावळीरामाने स्वतःचा जबाब स्वतः लिहिला. ‘माझ्या मळ्यातील विहिरीत विद्युत मोटार नव्हती.’

“मग झेंडू कशावर आला, असं कुणी विचारलं तर?” साहेबांनी शंका काढली.

“पावसावर, साहेब.”

“तेही लिहा.”

घरी गेल्यावर छायाने विचारलं, “लिवलं का?” तो म्हणाला, “लिहिलं.” ते खोटं नव्हतं. छाया त्या दिवसापासून कळशीने पाणी काढून झेंडूच्या मुळाशी ओतू लागली. एक एकर झेंडू आणि एक कळशी. रोज ती विचारायची, “काय तपास?” आणि रोज तो म्हणायचा, “चालू आहे.”

तीनशे अठ्ठावन्नाव्या दिवशी ठाण्याच्या आवारात एक टेंपो येऊन उभा राहिला. त्यातून भिमाजी उतरला. भिमाजी म्हणजे नाक्यावरचा वायंडिंगवाला, जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारा. पिंपळटेकमधली एकूण एक मोटार त्याच्या हाताखालून गेलेली. कोणाची विहीर किती खोल, केबल किती लांब, त्याला तोंडपाठ. तो सावळीरामाच्या टेबलापुढे अदबीने उभा राहिला.

“दादा, एक दाखला पायजे व्हता.”

“कसला?”

“टेंपोत पाच मोटारी हायेत. सिन्नरचा भंगारवाला म्हणतो, चोरीचा माल नाय असं पोलिसांचं लिवून आण, तरच घेतो. म्हटलं आपल्या हद्दीत तर वर्षात चोरी झालीच नाय, फलकावरच लिवलंय. मग दाखला मिळायला काय हरकत?”

सावळीराम उठून बाहेर गेला. टेंपोत ताडपत्रीखाली पाच मोटारी होत्या. शेवटच्या मोटारीवर हिरव्या ऑइलपेंटने नाव होतं. ‘छाया’. अक्षर भिमाजीचंच होतं, पेंटही त्याच्याच दुकानातला. सावळीरामाने भिमाजीचं मनगट धरलं आणि त्याला ओढत केबिनमध्ये नेलं. तिथे साहेबांसमोर तेजस्विनी मॅडम अंतिम अहवाल घेऊन बसल्या होत्या.

“साहेब, चोर! माल टेंपोत आहे!”

“शिक्का मारू नका, फडोळ,” साहेब म्हणाले. “मॅडमनी काय शिकवलं? शिक्क्यामुळे माणूस बिघडतो. काय रे, कुणाच्या मोटारी आहेत?”

“इहिरींतल्या हायेत, साहेब,” भिमाजी म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, तशी गरजही दिसत नव्हती.

मॅडमनी वही उघडली. आयता माणूस सापडला होता. “मला सांगा, तुम्ही हे का केलंत? गरिबी? व्यसन? संगत?”

“नाय हो मॅडम. धंदा बरा हाय, बिडी बी वढत नाय.” भिमाजीने डोकं खाजवलं. “पयली रंगनाथदादाची काढली. का काढली, आता काय सांगू, हात शिवशिवला. मंग आठ दिस झोप नाय. कुत्रं भुकलं तरी वाटायचं, पोलीस आले. नवव्या दिशी रंगनाथदादाच दुकानात आले न् म्हणाले, भिमा, माझी मोटार हरवली, जुनी कुठं मिळंल का? मी म्हटलं, च्यायला, मी चोरली नाय, यांनी हरवली! त्या रात्री गाढ झोप लागली. मंग दुसरी काढली.”

मॅडमनी अहवालातली कारणांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. भिमाजी कशातच बसत नव्हता. अहवाल छापून झालेला होता. त्यांनी ‘इतर’ समोर एक बारीक खूण केली आणि वही मिटली.

“हे बघा फडोळ,” साहेब सावकाश म्हणाले, “मी अन्याय करणारा माणूस नाही. चोर समोर, माल समोर. तुम्ही म्हणा, यातली एक माझी. आत्ता गुन्हा दाखल करतो, पाच मिनिटांत उकल. संध्याकाळी मोटार विहिरीत. फक्त बाहेर जाऊन फलकावरचा आकडा तुम्ही पुसा आणि शून्य लिहा. आणि एकाची लिहिली की रंगनाथाची लिहावी लागेल, त्या म्हातारीची पोत लिहावी लागेल, वर्षभराचं सगळं लिहावं लागेल. ते दाखलेही तुमच्याच हस्ताक्षरात आहेत. तुमचा निर्णय.”

सावळीरामाला कळशी घेऊन वाफ्यातून चालणारी छाया दिसली. आणि फलक दिसला. तीनशे अठ्ठावन्न. त्यातला एकेक दिवस त्याने स्वतः, एकेक शब्द तासून, घडवला होता. ती शाल नसती तरी चाललं असतं, पण ते फडकं आपल्या हातात घ्यायचं, आणि सगळ्या गावाने बघायचं की फडोळने चौतीस वर्षं काय लिहिलं? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तो बोलला.

“माझ्या विहिरीत मोटार नव्हती, साहेब.”

त्याने दाखला लिहिला. ‘सदर पाच विद्युत मोटारी भिमाजी यांच्या कायदेशीर ताब्यात असून या ठाण्याच्या हद्दीत कोणतीही मोटार चोरीस गेलेली वा गहाळ झालेली नाही.’ गोल शिक्का अगदी सरळ उमटला.

टेंपोपाशी भिमाजी घुटमळला. माणूस तसा भला होता. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, “दादा, तुमची उतरवून देऊ का? वहिनींचे हाल बघवत नाय. गपचूप घ्या, दाखला पाचचा आसला तरी चारच घेऊन जातो मी.” सावळीरामाचे दोन्ही हात मोटारीवर गेले. हिरवं नाव हाताखाली आलं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून साहेबांचा आवाज आला. “फडोळ! दाखला पाच मोटारींचा आहे. आता तिला हात लावलात तर ती चोरी होईल. आणि ती मात्र मला नोंदवावी लागेल, कारण भिमाजीकडे कागदही आहे आणि मूळ वस्तूही.”

टेंपो सिन्नरच्या रस्त्याला लागला.

त्या संध्याकाळी सावळीराम घरी पोचेपर्यंत नाक्यावरची बातमी रंगनाथाकडून छायाला कळली होती. ती ओरडली नाही. तिने कळशी उंबऱ्यात ठेवली.

“भिमाजीनं मोटार नेली,” ती म्हणाली. “तुमी तर मोटार व्हती हेच नेलं.”

सावळीरामाकडे सगळ्यांसाठी वाक्यं होती. तिच्यासाठी एकही सापडलं नाही. जेवण वाढून ती रंगनाथाच्या घरी, त्याच्या बायकोपाशी झोपायला गेली आणि दसरा होईपर्यंत तिथेच राहिली.

तीनशे पासष्टावा दिवस थाटात साजरा झाला. कमानीसाठी झेंडू फडोळांच्याच मळ्यातून आणायचा अशी साहेबांची खास इच्छा होती, पण तिथली फुलं बटणाएवढीच राहून वाळली होती, म्हणून सावळीरामाने पंचवटीतून विकत आणला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की गुन्हेगारी कायद्याने कमी होत नाही, ती माणुसकीने कमी होते. टाळ्या पडल्या. सावळीरामाच्या खांद्यावर शाल पडली. ती उन्हात फार टोचत होती.

पुढच्या वर्षी तेजस्विनी मॅडमचे विद्यार्थी परत आले. या वेळी फडोळांच्या दारातही आले. सावळीराम निवृत्त होऊन ओट्यावर पेपर वाचत बसला होता. विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आणि छाया आतून हात पुसत बाहेर आली.

“व्हय, पडले बळी,” ती म्हणाली. “लिव. मोटार चोरीला गेली. चोरणाऱ्याचं नाव भिमाजी. त्याला दाखला देणाऱ्याचं नाव बी लिव, इथंच बसलाय, इचार त्याला.”

सावळीरामाने पेपर थोडा वर धरला. विद्यार्थिनीने पहिल्यांदाच ‘होय’ दाबलं. टॅबने दोनदा खात्री करून घेतली. शेवटी मोजणीत साडेआठशे घरांमधलं ते एकच ‘होय’ निघालं, आणि एवढ्या मोठ्या आकड्यात एकटी पडलेली नोंद ही बहुधा चूक असते, या शास्त्रीय कारणाने ती काढून टाकण्यात आली.

यंदा हे सर्वेक्षण सबंध नाशिकभर आहे. तुमच्याही दारात कुणी टॅब घेऊन येईल. चांगल्या घरची मुलगी, चपला बाहेर काढून आत येईल. ‘मागील बारा महिन्यांत आपण एखाद्या गुन्ह्याला बळी पडलात का?’ असं विचारेल. सिटी बसमध्ये गेलेला मोबाईल तुमच्या मनात येईल, मापात मारलेलं पेट्रोल येईल, ज्याच्या नावाचा उच्चार करायचा नाही असं ठरवलंय तो माणूसही येईल. आणि तुम्ही तिला चहा देत म्हणाल, “छे हो, आमच्याकडे तसलं काही नाही.” ती ‘नाही’ दाबेल, आभार मानेल, बाहेर जाईल आणि दारात इकडेतिकडे बघत उभी राहील. तिच्या चपला गेलेल्या असतील. जिन्यावरून खाली पळणारे पाय तुम्हाला दिसतील, कदाचित ते कुणाचे हेही कळेल. आणि तुम्ही हसून म्हणाल, “जाऊ दे गं, साडेसाती गेली म्हणायचं.”